जुन्या होडीची डागडुजी व दर्यावर्दी जमाखर्चांचें वाचन

१

मराठ्यांच्या आरमाराविषयीं आजवर जें साहित्य प्रसिद्ध झालें आहे, त्यांत लढाया, तह, कौलनामे, सनदा व सुभेदारांच्या नेमणुका यांचा भरणा मोठा आहे. तें योग्यच आहे. परंतु ज्या तरांड्यांच्या बळावर हा सर्व व्यवहार चालला, तीं तरंगत ठेवण्यास प्रतिवर्षीं काय करावें लागे, लांकूड कोणतें लागे, सूत किती, तेल कशाचें, मजुरी कोणास, हें सांगणाऱ्या कागदांकडे संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. याचें एक कारण उघड आहे. हे कागद दिसण्यांत क्षुद्र असतात. त्यांवर शिक्का नसतो, मोठें नांव नसतें, आणि संग्राहक रुमाल सोडतो तो सनदेच्या आशेनें. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. मोडी लागली तरी या कागदांचा अर्थ लागत नाहीं. अक्षर वाचतां येतें, पण वस्तु डोळ्यांपुढें उभी राहत नाहीं.

आम्हांसहि हा अनुभव आला आहे. एका दर्यावर्दी घराण्याच्या जमाखर्चांत 'पठाण १' असें कलम व त्यापुढें रक्कम पाहून, कोणी पठाण शिपाई चाकरीस ठेविला असावा, असा अर्थ आम्हीं लाविला. इतकेंच नव्हे तर या घराण्याच्या पदरीं पठाण असत असें अनुमानहि टिपणांत लिहून ठेविलें. पुढें तें टिपण घेऊन किनाऱ्यावर गेलों असतां होडीकाम करणाऱ्या एका वृद्ध सुतारानें त्या कलमाच्या वर व खालीं काय लिहिलें आहे असें विचारिलें. वर फळ्या होत्या, खालीं खिळे होते. तो हंसला, आणि शेजारीं पालथ्या पडलेल्या होडीच्या तळांतील मधल्या लांब तुळईवर त्यानें हात ठेविला. पठाण म्हणजे होडीचा कणा. आमचें अनुमान आम्हीं तेथल्या तेथें खोडून टाकिलें.

या लेखाचें प्रयोजन तेंच आहे. एखादी लहान, वापरलेली मासेमारीची होडी वर्षभरांत कशी पारखितात, वर काढितात, दुरुस्त करितात व पुन्हां सजवून पाण्यांत घालितात, तो क्रम येथें सांगावयाचा आहे. लहान होडी निवडण्याचें कारण असें कीं मोठीं तरांडीं आतां पाहावयास मिळत नाहींत. तुळाजी आंग्र्याचें आरमार इ. स. १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या बंदरांत जळालें व पेशव्यांचें आरमार इ. स. १८१८ नंतर राहिलें नाहीं. परंतु गुराब असो कीं होडी असो, लांकूड, सूत, तेल, चुना व दोर यांचे धर्म तेच. त्यांवर काम करणारा सुतारहि बहुधा त्याच किनाऱ्यावरचा. ज्यास होडीची डागडुजी कळली त्यास गुराबेचा जमाखर्च अर्धा वाचतां आला, असें आम्हीं समजतों.

२

प्रथम नांवें. कोंकणच्या किनाऱ्यावर होडी हा शब्द सर्वसामान्य आहे. त्याखालीं अनेक जाति येतात. दक्षिण कोंकणांत एकाच खोडांतून कोरून काढिलेल्या लहान होडीस पगार म्हणतात. होडीच्या एका अंगास दोन आडव्या दांड्यांनीं जो तरंगता ओंडका जोडितात ती उलांडी. तिच्यामुळें अरुंद होडीहि लाटेंत कलंडत नाहीं. फळ्यांची, शिडाची व अंगानें मोठी ती मचवा. मालवणाकडे रापणीचें लांब जाळें समुद्रांत सोडून येण्यास लागणारी रुंद होडी निराळी. तिच्या फळ्या खिळ्यांनीं न जोडतां काथ्याच्या दोरीनें शिवण्याची चाल होती. हीं नांवें दर दहा-वीस कोसांवर थोडीं बदलतात, म्हणून कागद कोणत्या गांवचा हें कळल्यावांचून नांवावरून आकार ठरवूं नये.

अंगांपैकीं पठाण वर आलाच. त्यावर दोहों बाजूंस फांसळ्या बसवितात व फांसळ्यांवर फळ्या. पुढचें टोंक ती नाळ. मागें सुकाणूं. मध्यें डोलकाठी, आणि तिच्यावर ओढून चढवावयाची, जिला शीड बांधितात ती तिरपी लांब काठी ती परबाण. हे शब्द मोल्सवर्थच्या कोशांत व महाराष्ट्र शब्दकोशांत शोधितां येतात. पण कोश शब्दाचा अर्थ एका ओळींत देतो, कामाचा क्रम देत नाहीं. आणि जमाखर्चांत कलमें येतात तीं कामाच्या क्रमानें येतात. म्हणून क्रम कळला कीं अडलेल्या शब्दाचा तर्क बांधितां येतो.

३

जुनी होडी विकत घेणारा माणूस ती कशी पाहतो, हें आधीं सांगितलें पाहिजे. कारण खरेदीखतांतील किंमत त्या पाहण्यावर ठरते.

होडी दोनदां पाहावी असा दर्यावर्दी लोकांचा दंडक आहे. एकदां कोरडी व एकदां पाण्यांत. कोरड्या होडीच्या फळ्यांवर लांकडी हातोडीनें ठोकीत जातात. निरोगी फळी खणखणीत बोलते. कुजकी बद्द आवाज देते. जेथें आवाज बसला तेथें दाभण टोंचून पाहतात. पठाणालगतची पहिली फळी, नाळेचा बुंधा, सुकाणूं अडकविण्याची जागा आणि फांसळ्यांचे तळ, या चार ठिकाणीं कूज प्रथम धरते, कारण होडींत सांचलेलें पावसाचें गोडें पाणी तेथेंच राहतें. खाऱ्या पाण्यानें लांकूड जितकें कुजतें त्याहून गोड्या पाण्यानें अधिक कुजतें, ही गोष्ट किनाऱ्यावर लहान पोरासहि ठाऊक असते.

खिळ्याभोंवतीं तांबूस डाग पसरला असेल तर आंतील लोखंड गंजून बारीक झालें असें समजावें. वरून डोकें शाबूत दिसलें तरी फळी फांसळीस धरून राहिलेली नसते. तळास नुकताच चुना फांसलेला असेल तर खरवडून पाहिल्यावांचून सौदा करूं नये. नव्या चुन्याखालीं किड्यांचीं भोंकें झांकलीं जातात. हा किडा वस्तुतः किडा नव्हे, शिंपल्यांच्या वर्गांतील लांब मऊ प्राणी आहे. तो अगदीं लहान असतां लांकडांत शिरतो व आंत वाढत जातो. त्यामुळें बाहेर टांचणीच्या डोक्याएवढें भोंक आणि आंत बोटाएवढें भुयार, असा प्रकार होतो. फळी बाहेरून धड व आंतून पोकळ, हें जुन्या होडीच्या सौद्यांत सर्वांत मोठें फसवणुकीचें स्थान आहे.

पाण्यांत घातल्यावर पहिल्या दिवशीं जुनी होडी गळणारच. वाळलेलें लांकूड आकसलेलें असतें; तें पाणी पिऊन फुगलें कीं सांधे आपोआप मिटतात. प्रश्न गळते कीं नाहीं हा नव्हे, तर दोन-तीन दिवसांनीं गळणें कमी होतें कीं नाहीं हा आहे.

खरेदीखत वाचतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. नुसतें धूड विकलें कीं शीड, परबाण, दोर, नांगर, वल्हीं व जाळीं यांसह विकलें, यावर किंमतींत मोठें अंतर पडतें. जुन्या होडीचें सामान पुष्कळदां होडीहून मोलवान असतें. खतांत सामानाची यादी नसेल तर नुसत्या रकमेवरून स्वस्ताई-महागाईचीं अनुमानें काढणें धोक्याचें आहे.

४

होडी वर केव्हां काढितात? वैशाख उतरतीस लागला व दक्षिणेचा वारा फिरूं लागला कीं मासेमारी आवरती घेतात आणि मृगापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढितात. ओढण्यास दिवस निवडितात तो उधाणाचा. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास भरतीचें पाणी सर्वांत वर चढतें, तें उधाण; अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा, तो भांग. उधाणाच्या भरतीबरोबर होडी जेवढी वर आणितां येईल तेवढी आणावयाची, आणि पुढें वाळूवर आडवे ओंडके टाकून, त्यांस तेल किंवा चरबी चोपडून, दोरानें ओढावयाची. नंतर तिला टेकू देऊन झांपांनीं शाकारितात. घराप्रमाणेंच होडीसहि शाकारणें हाच शब्द आहे, हें लक्षांत ठेवावें. 'शाकारणीस झांप' असें कलम दिसतांच तें घराच्या छपराचें आहे असें धरूं नये.

पुन्हां पाण्यांत घालावयाची ती नारळी पौर्णिमेच्या सुमारास. सणाचें धार्मिक महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेंहि ती तिथि सोयीची आहे. पावसाचा जोर ओसरूं लागलेला असतो आणि पौर्णिमेचें उधाण वर काढिलेल्या होडीच्या पायाशीं येतें.

यांतून कागद पाहणारांस दोन साधनें मिळतात. पहिलें तिथीचें. जड तरांडें वर काढिल्याचें किंवा पाण्यांत लोटल्याचें कलम जर अष्टमीचें दिसलें तर तिथि पुन्हां वाचून पाहावी. पगारेसारखी हलकी होडी चार माणसें केव्हांहि उचलतील. मचव्यास मात्र उधाणाची वाट पाहावीच लागते. अंक पुसट असेल तेव्हां ही कसोटी उपयोगीं पडते.

दुसरें साधन सालाचें, आणि तें याहून महत्त्वाचें आहे. मराठी दप्तरांतील शुहूर सन, ज्यास मृगसाल असेंहि म्हणतात, तो सूर्य मृग नक्षत्रांत आला म्हणजे पालटतो. हल्लींच्या गणनेनें हा दिवस ७ अगर ८ जूनच्या सुमारास येतो. म्हणजे होडी वर काढण्याचा खर्च एका सालांत पडतो, व तिची दुरुस्ती, नवें सामान आणि पाण्यांत घालण्याचा खर्च दुसऱ्या सालांत पडतो. एकाच होडीची एकच डागडुजी, पण जमाखर्चाच्या दोन वह्यांत. ज्याच्या हातीं एकच वही आली तो म्हणेल कीं या वर्षीं होडी ओढण्यास मजुरी दिली पण दुरुस्ती केलीच नाहीं. दुसऱ्याच्या हातीं दुसरी आली तर तो दुरुस्तीच्या खर्चावरून नवीं तरांडीं बांधिलीं असें म्हणेल. दोन्ही अनुमानें चुकीचीं. आरमाराचा वार्षिक खर्च मांडणारांनीं लागोपाठचीं दोन सालें एकत्र ठेवूनच हिशेब पाहावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

५

आतां प्रत्यक्ष दुरुस्ती. प्रथम तळ खरवडून काढितात. शंख, शेवाळ व जुना चुना निघाल्यावर तळाखालीं गवत किंवा झांपांचा जाळ करून तो शेकतात. जाळ असा कीं लांकूड करपूं नये, पण फळींत शिरलेले जीव मरावे व जुनें डामर पघळून सांधे उघडे पडावे. जमाखर्चांत दुरुस्तीच्या आरंभींच गवताचे भारे आढळले तर ते गुरांचे नसून या कामाचे असण्याचा संभव तपासावा.

या किड्याचा बंदोबस्त दोन उपायांनीं होतो. होडी पुष्कळ दिवस कोरडी ठेवणें, किंवा तिला गोड्या पाण्यांत ठेवणें. तो खाऱ्या पाण्याचा प्राणी असल्यामुळें दोन्ही ठिकाणीं टिकत नाहीं. लहान होडी वाळूवर काढितां येते; मोठ्या तरांड्यास तें अवघड. पावसाळ्यांत मोठीं तरांडीं खाडीच्या आंत दूरवर नेऊन ठेवीत, त्यास वाऱ्यापासून व शत्रूपासून आसरा हें कारण तर होतेंच. पण त्या दिवसांत खाडीच्या वरच्या भागांत पुराचें गोडें पाणी असतें, आणि तळ शुद्ध होण्यास तेंहि साधन होतें. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत खडक फोडून केलेली गोदी आहे. तिच्याकडे केवळ बांधकामाचा नमुना म्हणून न पाहतां या दृष्टीनेंहि पाहावें.

पुढें फळ्या बदलणें. किडकी फळी पुरी काढितात, किंवा धड भाग राखून तेवढाच तुकडा सांधितात. तुकड्याचा सांधा फांसळीवर आणावा लागतो. दोन फांसळ्यांच्या मध्यें सांधा आला तर तो लाटेच्या माऱ्यानें उघडतो. येथें वांकस हें मुख्य हत्यार. फळीस बांक आणण्यास ती ओली करून जाळावर शेकीत वांकवितात. भोंक पाडण्यास सामता, आणि भोंक खिळ्याहून बारीक. नाहीं तर फळी फुटते.

लांकूड कोणतें? साग सर्वांत उत्तम, कारण त्यांत तेल असतें व तो पाण्यानें फारसा फुगत नाहीं. कोरीव होडीस आंबा चालतो. मोठें खोड मिळतें व कोरण्यास मऊ असतें, पण आयुष्य थोडें. फणस टिकाऊ. डोलकाठीस सरळ वाढणारी उंडी चांगली. येथें आज्ञापत्राची आठवण होणें अपरिहार्य आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथांत आरमाराच्या प्रकरणीं जें धोरण सांगितलें आहे तें प्रसिद्ध आहे: साग वगैरे लांकूड अरण्यांतून परवानगीनें तोडावें, आंबे, फणस यांचें लांकूड आरमाराच्या उपयोगाचें असलें तरी त्यांस हात लावूं देऊं नये, कारण तीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, एखादें झाड फार जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊनच घ्यावें.

हें धोरण आम्हीं सर्वजण अभिमानानें उद्धृत करितों. पण तें अमलांत आलें कीं नाहीं, किती वर्षें आलें, कोणत्या बंदरांत आलें व कोणत्या बंदरांत नाहीं, याचें उत्तर आज्ञापत्रांत मिळणार नाहीं. तें मिळेल तर दुरुस्तीच्या जमाखर्चांतच. आंब्याचें खोड आलें त्या कलमाखालीं झाडाच्या धन्यास रक्कम पोंचल्याची नोंद आहे काय? फणसाच्या फळ्या कोणत्या वाडींतून आल्या? आज्ञेची परीक्षा अशा चार-दोन रुपयांच्या कलमांवर होते. हे कागद क्षुद्र म्हणून टाकून देणारा मनुष्य राज्यकर्त्याच्या वचनाचा पुरावाच टाकून देतो, असें आम्हांस वाटतें.

६

फळी बसल्यावर सांधे भरण्याचें काम येतें. यास किनाऱ्यावर कलाफत हा शब्द थोड्याफार फरकानें चालतो. तो पोर्तुगीजांच्या 'कालाफाते' या शब्दाशीं जोडितात. पोर्तुगीज कारागिरांचा संबंध नवा नाहीं. इ. स. १६५९ मध्यें कल्याण-भिवंडीकडे शिवाजीमहाराजांसाठीं तरांडीं बांधण्याचें काम रुय लैतांव व्हियेगश या पोर्तुगीजाच्या देखरेखीखालीं चाललें होतें, हें पोर्तुगीज कागदांवरून प्रसिद्ध आहे. हुन्नर जातो तेथें त्याचे शब्दहि जातात. नाखवा, खलाशी, बंदर हे अरबी-फारशींतून आले; तसेच कांहीं शब्द पश्चिमेकडून आले, व सर्व मराठी होऊन गेले.

रीत अशी. सांधा टोंकदार लोखंडानें साफ करावा. सैल वळलेलें कापसाचें सूत तेलांत भिजवून, बोथट पटाशीसारख्या हत्यारानें व लांकडी मोगरीनें सांध्यांत ठोकून बसवावें. त्यावर तेलांत कढविलेली राळ किंवा डामर ओतावें. यांत खुबी सूत किती ठोकावें यांत आहे. वाळलेल्या होडीचे सांधे रुंद दिसतात म्हणून नवशिका त्यांत सूत गच्च भरतो. होडी पाण्यांत पडली कीं फळ्या फुगतात, सुतास मागें सरण्यास जागा राहत नाहीं, आणि फळ्या आपल्याच जोरानें खिळे उपटितात किंवा फांसळी मोडितात. जाणता सुतार सांधा थोडा उपाशी ठेवितो.

रापणीच्या शिवलेल्या होडीची गोष्ट निराळी. तिच्यांत फळ्यांच्या कडांस भोंकें पाडून, सांध्यावर काथ्याची वादी ठेवून, दोरीनें आवळून टांके घालितात. भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबक ती ओढून घेईल, असें कारण दिलें आहे. तें कारण आज कोणी मान्य करणार नाहीं. पण शिवलेली होडी वापरणारा मनुष्य खरीं कारणें सांगतो. वाळूवर आपटणाऱ्या लाटेंत शिवलेली होडी वांकते, मोडत नाहीं. खिळे गंजण्याचा प्रश्न राहत नाहीं. आणि फळी बदलावयाची तर टांके तोडून नवी शिवितां येते. अर्थात् टांके प्रतिवर्षीं तपासावे लागतात. म्हणून एखाद्या होडीच्या खर्चांत काथ्या पुष्कळ व खिळे मुळींच नाहींत असें दिसलें, तर नोंद अपुरी न समजतां होडी शिवलेली होती काय हें पाहावें.

शेवटीं लेप. पाण्याखालच्या भागास चुना व चरबी किंवा तेल एकत्र मळून जाड थर देतात. तो किड्यास अटकाव करितो, आणि झिजला कीं हंगामांत पुन्हां पुन्हां द्यावा लागतो. पाण्यावरच्या भागास तेल. मुशी माशाच्या काळजाचें तेल, उंडीच्या बियांचें तेल, आणि काजूच्या टरफलांतून निघणारें दाहक काळें तेल, हीं तिन्ही या किनाऱ्यावर वापरांत होतीं. काजू हा पोर्तुगीजांनीं आणिलेला असल्यामुळें त्याचें तेल फार जुन्या कागदांत शोधूं नये, हें उघड आहे.

७

धूड तयार झालें म्हणजे सजावणी. शीड सुती कापडाच्या लांब पट्ट्या शिवून करितात. जुन्या शिडाचा कापडापेक्षां शिवणीवर अधिक भरंवसा ठेवूं नये. शिवण आधीं जाते. ओलें शीड गुंडाळून ठेविलें तर बुरशी धरतें, म्हणून वाळवूनच ठेवावें. जाळ्यांस ऐनाच्या सालीचा काढा देत. त्यानें धागा कुजत नाहीं व रंग तांबूस येतो. ऐनाच्या सालीची खरेदी दिसली म्हणजे ती चांभाराच्या कातड्यासाठींच असें मानण्याचें कारण नाहीं.

दोरांत काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यांत टिकतो, पण पावसाच्या पाण्यानें लवकर जातो. म्हणून पावसाळ्यांत तो कोरड्या माळ्यावर ठेवितात. नांगराकरितां पूर्वीं दगडहि वापरीत. भोंकें पाडलेले असे दगडी नांगर विजयदुर्गाच्या परिसरांत पाण्याखालील शोधांत सांपडले आहेत. किनाऱ्यावरील मंदिराच्या आवारांत किंवा विहिरीच्या कांठीं भोंकें असलेला लांबट घडीव दगड दिसला तर तो जात्याचा किंवा खुंटीचा म्हणून सोडूं नये. त्याचें माप घ्यावें.

या सर्व विवेचनावरून संशयास्पद शब्दांची एक लहानशी मालिका देतां येते. पठाण हा शिपाईहि असेल व होडीचा कणाहि. पगार हें वेतनहि असेल व होडीहि; 'पगार दुरुस्ती' हे शब्द वाचून वेतनवाढीचा तर्क करूं नये. नांगर शेतकऱ्याचाहि असतो. नाळ घोड्याचीहि असते. डोल हें खुंटांस बांधावयाचें जाळें, त्यास डोलकाठीचें संक्षिप्त रूप समजूं नये. चुना इमारतीचाच असतो असें नाहीं, सूत विणकराचेंच असतें असें नाहीं. शब्दाचा निकाल शब्दावर होत नाहीं, शेजारच्या कलमांवर होतो. चुन्याबरोबर विटा असतील तर इमारत. चुन्याबरोबर चरबी असेल तर होडी.

८

आतां ही निकड कां, तें सांगून लेख पुरा करितों. गेल्या कांहीं दशकांत किनाऱ्यावर फायबरच्या होड्या झपाट्यानें आल्या. त्या हलक्या आहेत, त्यांस किडा लागत नाहीं, सूत लागत नाहीं, चुना लागत नाहीं. शिडाची जागा यंत्रानें घेतली. जाळीं नायलॉनचीं झालीं, त्यांस ऐनाच्या सालीची गरज उरली नाहीं. कोळी, गाबीत, खारवी, दालदी इत्यादि दर्यावर्दी लोकांचा यांत दोष कांहींच नाहीं. ज्यास पोट भरावयाचें आहे त्यानें सोईचें साधन घ्यावें हेंच रास्त. परंतु लांकडाच्या होडीबरोबर तिच्या डागडुजीचे शब्द चालले आहेत, आणि ते शब्द गेले म्हणजे आपल्या रुमालांतील कागद आपणांसच मुके होतील. कागद शंभर वर्षें थांबूं शकतो. सुतार थांबूं शकत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. किनाऱ्यावरच्या घराण्यांतून दप्तर मिळाल्यास सनदा वेगळ्या काढून बाकीचे कागद परत करूं नयेत. दुकानदारांच्या उधारीच्या वह्या, सुतारांच्या मजुरीच्या चिठ्ठ्या, होडीचीं खरेदीखतें व गहाणखतें, लांकडाच्या पावत्या, हीं सर्व ज्या क्रमानें बांधलेलीं असतील त्याच क्रमानें ठेवावीं; लागोपाठच्या सालांच्या वह्या एकमेकींपासून तोडूं नयेत. कागद कोणत्या गांवांतून आला तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. आणि अडलेल्या शब्दांची यादी घेऊन जवळच्या किनाऱ्यावर जावें. तेथें 'या शब्दाचा अर्थ काय' असें विचारूं नये. लांकडाची होडी पुढें असतां तिच्या एकेका अंगावर बोट ठेवून 'यास काय म्हणतां' असें विचारावें, आणि उत्तर जसें ऐकूं येईल तसेंच लिहून घ्यावें. वैशाख-ज्येष्ठांत होड्या वर येतात, सुतारहि तेथेंच सांपडतात. यादी करण्यास तोच काळ योग्य. आमची पठाणाची चूक ज्या दिवशीं सुधारली त्या दिवशीं त्या एका सुतारानें आम्हांस आणखी सुमारें तीस शब्द सांगितले. त्यांतील कांहीं आमच्याजवळच्या वहींत आधींच होते, आणि तोंपर्यंत आम्हीं ते माणसांचीं व गांवांचीं नांवें म्हणून वाचीत होतों.